खिशातला चाकू: स्वस्त चालेल, जाड चालणार नाही

घडीचा चाकू घेताना बहुतेकजण आधी पोलादाचं नाव विचारतात, मग लॉक बघतात, मग मुठीचा रंग. धारेमागची जाडी कुणी बघत नाही, आणि चाकू नीट कापणार की नाही हे बरंचसं तिथेच ठरतं. धार फक्त काप सुरू करते. पातं आत शिरल्यावर पुढची वाट त्याच्या दोन्ही बाजूंना काढावी लागते. त्या बाजू जाड असल्या की कापणं थांबतं आणि फाडणं सुरू होतं.

खात्री करायची असेल तर एक जाडजूड गाजर घ्या. पातळ पातं तळापर्यंत गुपचूप जातं. जाड पातं निम्म्यावर पोचलं की गाजर कटकन तडकतं आणि चकती उडते. अशा चाकूला कितीही धार लावली तरी तो आवाज जात नाही. टोमॅटो, कागद, हातावरचे केस या चाचण्या धारेच्या आहेत. गाजराची चाचणी पात्याच्या घडणीची.

आता ऑनलाइन घेताना गाजर कुठून आणणार? फोटो मोठा करून बघा. पात्याच्या अगदी कडेला एक चकचकीत पट्टी दिसते, तो धारेचा उतार. ती पट्टी जितकी रुंद तितकं मागचं पोलाद जाड. हिशोब सोपा आहे: एका बाजूला २० अंशांचा कोन धरला, तर धारेमागे ०.३ मि.मी. जाडी असताना पट्टी साधारण ०.४५ मि.मी. रुंद दिसते, जाडी ०.८ मि.मी. असेल तर पट्टी जवळपास १.२ मि.मी. होते. म्हणजे फोटोत पट्टी ठळक, रुंद आणि आरशासारखी उठून दिसत असेल, तर बहुधा तो चाकू दिसायला भारी आणि भाजीला निरुपयोगी. हातात घेऊन व्हर्नियर लावता आला तर उताराच्या लगेच वर मोजा. ०.५ मि.मी.च्या आत असेल तर उत्तम.

पाठीच्या जाडीवरून मात्र फसू नका. पाठ ३ मि.मी. असूनही बाजू आतल्या अंगाने खोलगट घासलेल्या असतील तर धारेमागे पातं पातळ असू शकतं. उलट पाठ २ मि.मी. असून पातं निम्म्यापासूनच निमुळतं व्हायला लागत असेल, तर खाली पाचरच उरते. स्वस्त ‘टॅक्टिकल’ चाकू बहुतेक या दुसऱ्या जातीचे असतात. त्यांची टोकंही अशी काही वळवलेली असतात की लिंबू कापायला घेतलं तर आधी टोक कुठे ठेवावं हाच प्रश्न पडतो.

पोलादाचं काय बघायचं

दोनच गोष्टी बघा: नाव पूर्ण लिहिलंय का, आणि कडकपणा दिलाय का. ‘स्टेनलेस स्टील’ एवढंच लिहिलेलं असेल तर पुढे वाचायची गरज नाही. नुसतं ‘४४०’ लिहिलेलं असेल तरी सावध राहा. ४४०ए, ४४०बी आणि ४४०सी अशी तीन पोलादं आहेत. त्यांत कार्बन चढत जातो, आणि ज्याच्याकडे ४४०सी असतं तो ‘सी’ गाळत नाही. ‘३सीआर१३’ म्हणजे कार्बन ०.३ टक्क्यांच्या आसपास. याला धार चटकन येते आणि तितक्याच चटकन जाते. ‘दमास्कस’ म्हणून पाचशे-सातशे रुपयांत मिळणाऱ्या पात्यावरची नक्षी बहुधा लेझरने छापलेली असते. वॉटर पेपरने घासली की ती निघून जाते.

स्वस्त चाकूंत भरवशाची म्हणावी अशी थोडीच नावं आहेत. ८सीआर१३एमओव्ही या चिनी पोलादात कार्बन ०.८ टक्क्यांच्या आसपास आणि क्रोमियम १३ टक्के. नीट कडक केलं तर ते ५७-५९ एचआरसीला (कडकपणाचं रॉकवेल माप) बसतं आणि हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या दगडावर मुकाट धार घेतं. सँडविकचं (आताच्या अलायमा कंपनीचं) १२सी२७ हे त्याच्यापेक्षा बारीक कणांचं, गंजाला दाद न देणारं पोलाद. डी२ मध्ये कार्बन दीड टक्का आणि क्रोमियम १२ टक्के. आकड्यावरून ते स्टेनलेस वाटतं, पण त्यातलं बरंच क्रोमियम कार्बनशी बांधलं जाऊन कार्बाइडच्या कणांत अडकतं आणि गंज रोखायला मोकळं उरत नाही. कोकणात, मुंबईत, गोव्यात डी२ चा चाकू घामट खिशात ठेवला की पावसाळ्यात त्याच्यावर तपकिरी ठिपके उठतात. धार मात्र ते बराच काळ धरतं. देशावर राहणाऱ्याने डी२ घ्यायला हरकत नाही. किनाऱ्यावरच्याने स्टेनलेस घ्यावं.

यापेक्षा महागड्या पोलादांची चर्चा इथे करत नाही. धार लावता येत नसेल तर ती पोलादं बोथटच राहतात, आणि धार लावता येत असेल तर त्यांची फारशी गरज लागत नाही.

घ्यायचा कोणता

पहिलं नाव ओपिनेल नंबर ८. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये हा चाकू बनवायला घेतला, आणि घडण आजही जवळपास तीच: बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ, एक खिळा, एक पातं. १९५५ पासून त्यात फिरवून बंद करायची लोखंडी कडी आली. नंबर ८ चं पातं ८.५ सें.मी. लांब आणि पातळ. या किमतीत गाजराच्या चाचणीत त्याला टक्कर देणारा घडीचा चाकू मला माहीत नाही. तो दोन पोलादांत मिळतो. कार्बनवाल्याला कंपनी एक्ससी९० म्हणते, स्टेनलेसमध्ये १२सी२७ चा सुधारित प्रकार असतो. कार्बन पोलादाची धार दगडावर फार सहज चढते. पण कैरी, कोकम, लिंबू, कांदा यांनी पातं काळंनिळं पडतं, घरातल्या जुन्या लोखंडी विळीसारखं. तो करडा-निळा थर नुकसान करत नाही, उलट पुढच्या गंजाला थोडा अडवतो. नारिंगी दिसलं तर तो गंज. तो लगेच काढायचा. कापून झालं की पुसायची सवय नसेल तर स्टेनलेसच घ्या.

दुसरं नाव सगळ्यांच्या ओळखीचं, व्हिक्टोरिनॉक्स. ९१ मि.मी. मुठीचा स्पार्टन किंवा कात्रीवाला क्लाइंबर पुरेसा. बारा-पंधरा अवजारांच्या पुढे गेलात की खिशात वीट बाळगल्यासारखं होतं. पोलाद एक्स५५सीआरएमओ१४, कडकपणा ५६ एचआरसी. धार आठवडाभरात उतरेल, पण पाच मिनिटांत परत येईल, आणि गंज जवळपास नाहीच. ९१ मि.मी.च्या या मॉडेलांना लॉक नसतं, पातं फक्त पाठीमागच्या स्प्रिंगवर उघडं राहतं. म्हणून टोकाने भोक पाडायला जाऊ नका. पातं उलटं मिटून बोटावर येतं. त्यासाठी मागच्या बाजूला आरी दिलेली असते. बाजारात नकला भरपूर आहेत. मोठ्या पात्याच्या मुळाशी कंपनीचं नाव आणि ‘स्विस मेड’ स्वच्छ कोरलेलं हवं. प्रत्येक अवजार उघडताना आणि मिटताना खट्‌ असा ठाम आवाज यावा. उघडं पातं बाजूला डुलत असेल किंवा दोन पात्यांच्या मधून उजेड वाकडा दिसत असेल तर परत करा.

तिसरा गट चिनी: सॅनरेनमू, गॅन्झो, आणि जरा वरच्या किमतीत सिव्हिवी. एका हाताने उघडणं आणि लॉक हवं असेल तर इकडे या. पण इथे एकाच ब्रँडमधली दोन मॉडेलं जमीन-अस्मानाइतकी वेगळी निघतात, म्हणून वर सांगितलेली पट्टी बघायची युक्ती इथेच सर्वांत कामाची.

पार्सल उघडल्यावर लगेच तपासायच्या गोष्टी: मिटलेलं पातं मुठीच्या दोन बाजूंच्या मधोमध आहे का, उघडल्यावर पातं डावीउजवीकडे हलतं का, आणि वरखाली हलतं का. डावीउजवीकडे हलणं खिळ्याचा स्क्रू आवळून जातं. त्याला टॉर्क्स टी६ किंवा टी८ (चांदणीसारख्या टोकाचा) पेचकस लागतो. एका वेळी अष्टमांश फेरीच द्या आणि प्रत्येक वेळी पातं उघडून-मिटून बघा, नाहीतर पातं जाम होतं. स्क्रू सारखा सैल होत असेल तर लॉकटाइट २४३ चा (स्क्रू धरून ठेवणारा चिकट द्रव) टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावा. वरखाली हलणं मात्र लॉकमधला दोष आहे. तो घरी दुरुस्त होत नाही. लायनर लॉक, म्हणजे मुठीच्या आतली धातूची पट्टी सरकून पातं अडवते असं लॉक असेल, तर उघड्या स्थितीत त्या पट्टीचं टोक पात्याच्या बुडाखाली किती सरकलंय ते बघा. बुडाच्या रुंदीचा एक तृतीयांश ते निम्मा भाग व्यापलेला हवा. जेमतेम कडेला टेकलं असेल तर दाबाखाली निसटतं. पार पलीकडच्या टोकाला गेलं असेल तर नव्यातच झिजलेलं समजा.

कंगोरेदार आणि अर्धी कंगोरेदार पाती टाळा. साध्या दगडावर त्यांना धार लावता येत नाही.

दगड आणि बाकी सामान

चाकूवर जेवढे खर्च कराल त्याच्या चौथ्या हिश्शात धारेचं सगळं सामान येतं. हार्डवेअरच्या दुकानात ‘धार लावायचा दगड’ म्हणून जो करडा किंवा काळपट, दोन बाजूंचा दगड मिळतो तो कार्बोरंडमचा, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा. ८ बाय २ बाय १ इंचाचा घ्या. लहान दगडावर कोन राखणं अवघड जातं. त्याची जाड कणांची बाजू बोथट झालेला किंवा दातरे पडलेला चाकू सुधारायला. बारीक बाजूसुद्धा तशी खरखरीतच असते, पण तिथपर्यंत आलात तरी भाजीचं काम होतं.

त्याच्या पुढे जायला महाग दगड नको. काचेच्या दुकानातून ५ किंवा ६ मि.मी. जाडीचा, कडा घासून गुळगुळीत केलेला काचेचा तुकडा आणा, साधारण ९ बाय ३ इंच. वॉटर पेपर ६००, १०००, २००० नंबरचे. काचेवर पाणी शिंपडून पेपर टाकला की तो चिकटून बसतो. वॉटर पेपरही सिलिकॉन कार्बाइडचाच, त्यामुळे डी२ मधले क्रोमियमचे कार्बाइडही तो कापतो. एकच नियम: पेपरवर पातं नेहमी पाठ पुढे आणि धार मागे असं ओढायचं. धार पुढे ढकलली की पेपर फाटतो आणि धारही जाते.

दगडावर पाणी की तेल? दोन्ही चालतं, पण एकदा तेल लावलं की तो दगड कायमचा तेलाचा. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की घासलेलं पोलाद दगडात न अडकता वर तरंगतं. तेल लावायचंच तर शिलाई मशीनचं पातळ तेल. खोबरेल आणि शेंगदाण्याचं तेल नको. थंडीत एक थिजतं, दुसरं काही दिवसांनी डिंकासारखं चिकट होतं, आणि दगडाची भोकं बुजतात.

दगड वापरून मधोमध खोल होतो. असा दगड धार गोल करतो. पेन्सिलने त्याच्यावर आडव्याउभ्या रेघा मारा, कडप्पाच्या सपाट तुकड्यावर पाणी आणि थोडी बारीक वाळू टाका आणि रेघा सगळीकडून पुसल्या जाईपर्यंत दगड गोल गोल घासा.

दारात सायकलवर चाक फिरवून धार लावून देणारे येतात. विळी, कोयता, अडकित्ता त्यांच्याकडे जरूर द्या. पातळ घडीचा चाकू देऊ नका. कोरड्या, वेगात फिरणाऱ्या चाकावर पात्याची कड काही सेकंदांत तापते. पोलाद पिवळसर, मग जांभळं, मग निळं होतं. निळं झालं म्हणजे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं आणि तिथला कडकपणा उतरला. तेवढा भाग घासून काढेपर्यंत तिथे धार टिकणार नाही. ‘चाकू ओढा आणि धार मिळवा’ वाली इंग्रजी व्हीच्या आकाराची उपकरणंही अशीच. त्यातली कार्बाइडची पाती धातू खरवडून काढतात, कड करवतीसारखी होते आणि वर्षभरात पातं खाऊन टाकतात.

कोन

एका बाजूला १५ ते २० अंश. ओपिनेलला १५-१७, व्हिक्टोरिनॉक्सला आणि चिनी चाकूंना १८-२०. कोन मोजायला उपकरण नको, एक पट्टी पुरते. पात्याची रुंदी धारेपासून पाठीपर्यंत मि.मी.मध्ये मोजा. २० अंशांसाठी तिचा एक तृतीयांश घ्या, १५ अंशांसाठी एक चतुर्थांश. त्यातून पाठीच्या जाडीचा निम्मा भाग वजा करा. जे उरेल तेवढी उंच पाठीची खालची कड दगडापासून हवी. उदाहरणार्थ, रुंदी १८ मि.मी. आणि पाठ १.६ मि.मी. असेल तर २० अंशांसाठी ६ वजा ०.८, म्हणजे ५.२ मि.मी.; १५ अंशांसाठी ४.५ वजा ०.८, म्हणजे ३.७. एवढ्या उंचीची नाण्यांची चळत किंवा पुठ्ठ्याच्या घड्या दगडाच्या टोकाला ठेवून पाठ तिच्यावर टेकवा, मनगटाची ठेवण ध्यानात घ्या आणि मग चळत काढून घासायला लागा.

कंपनीने कोणता कोन दिलाय हे कळायला मार्कर वापरा. धारेच्या उतारावर काळा मार्कर फिरवा आणि दगडाच्या बारीक बाजूवर दोन हलके हात मारा. शाई उताराच्या वरच्या कडेने, म्हणजे पाठीकडून गेली तर पाठ फार खाली आहे. फक्त अगदी धारेवरून गेली तर पाठ फार वर आहे. सगळा उतार स्वच्छ झाला म्हणजे कोन जुळला. शिकताना दर दहा-बारा हातांनंतर मार्कर पुन्हा लावा. महागडी कोन धरणारी साधनं करतात तेच काम दहा रुपयांचा मार्कर करतो, फक्त तुमचं लक्ष हवं.

घासणं

आधी मुठीला आणि खिळ्याच्या जागेला कागदी चिकटपट्टी गुंडाळा. दगडाचा चिखल खिळ्यात गेला की चाकू उघडताना कायम करकरतो. लॉक असेल तर लावा. नसेल तर पातं मिटून बोटावर येणार नाही असं जपून धरा. दगड ओल्या फडक्यावर ठेवा, सरकता कामा नये.

जाड बाजूवर सुरुवात करा. पात्याचं मूळ दगडाच्या जवळच्या टोकाला, आणि हात पुढे जाईल तसं पातं बाजूला सरकत टोकापर्यंत यावं. धार पुढे, दगडाचा पातळ थर सोलायचा आहे अशा बेताने. जिथे पातं टोकाकडे वळतं तिथे मूठ किंचित वर उचलावी लागते, नाहीतर वळणावर कोन बदलतो. आणि टोक दगडाच्या कडेवरून खाली घसरू देऊ नका, दगडावरच थांबवा. बहुतेक चाकूंची टोकं बोथट दिसतात ती याच घसरण्याने.

दाब किती? स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, त्यावर दगड ठेवा, काटा शून्यावर आणा आणि पातं दाबा. जाड बाजूवर एक किलोच्या आसपास. बारीक बाजूवर ३०० ग्रॅम. वॉटर पेपरवर त्याहून कमी, जवळपास चाकूच्या स्वतःच्या वजनाएवढा. एकदा काट्यावर पाहिलं की हाताला कळतं. नवशिके सगळीकडे सारखाच जोर लावतात आणि शेवटच्या टप्प्यावर सगळं बिघडवतात.

एका बाजूला किती हात मारायचे याला आकडा नाही. बर येईपर्यंत मारायचे. बर म्हणजे दुसऱ्या बाजूला दुमडलेली, केसासारखी धातूची बारीक कोर. अंगठा पाठीकडून धारेकडे आणि धारेच्या बाहेर असा सरकवा. धारेच्या लांबीवरून कधीच फिरवू नका. ज्या बाजूला घासलं नाही तिकडे नखाला काहीतरी अडकल्यासारखं झालं की बर आली. ती मुळापासून टोकापर्यंत अखंड हवी. मध्येच दोन सें.मी. बर नसेल तर तिथे दगड अजून धारेपर्यंत पोचलेलाच नाही. तेवढ्या भागावर जास्त हात मारा. मग बाजू बदला आणि पहिल्या बाजूला बर येईपर्यंत घासा. जाड पोलादाच्या नव्या चाकूचा २५ अंशांचा कोन १८ वर आणायचा असेल तर या टप्प्याला अर्धा तास सहज लागतो. एरवी पाच-सात मिनिटं.

बारीक बाजूवर पुन्हा तेच, पण आता बर लहान होत गेली पाहिजे. मग एक हात या बाजूला, एक त्या बाजूला, दाब कमी करत. त्यानंतर ६०० किंवा १००० चा वॉटर पेपर. भाजी, दोरी, पुठ्ठा यांना इथेच थांबलेलं बरं. २००० पर्यंत नेलेली धार कागद सुंदर कापते पण टोमॅटोच्या सालीवरून घसरते, कारण सालीला पकडायला बारीक दाते उरत नाहीत. लाकूड तासायचं किंवा कलम करायचं असेल तर मात्र पुढे जा.

शेवटी चामडं. जुन्या कातडी पट्ट्याचा तुकडा खरखरीत बाजू वर करून लाकडी पट्टीवर चिकटवा आणि त्यावर बफिंगची हिरवी वडी घासा. तिच्यात क्रोमियम ऑक्साइड असतं. पाठ पुढे ठेवून प्रत्येक बाजूला दहा-पंधरा हात, चामडं दबणार नाही इतके हलके. दाबलं तर चामडं धारेभोवती वर येतं आणि लावलेली धार गोल करतं. वडी नसेल तर सपाट पुठ्ठाही चालतो.

चुकतं कुठे

सर्वांत जास्त वेळा चुकतं ते बर तशीच राहून. चाकू लावल्या लावल्या वस्तऱ्यासारखा वाटतो, हातावरचे केस उडवतो आणि दोन कांदे कापले की बोथट. धार अशी जात नाही. ती कोर उभी होती, ती वाकली. उजेडाखाली धार डोळ्यांसमोर सरळ धरा. बर असेल तिथे बारीक चमक दिसते. बारीक दगडावर कोन दोन-तीन अंशांनी वाढवून प्रत्येक बाजूला दोन-तीन अगदी हलके हात मारा आणि पुन्हा चामड्यावर घ्या. मऊ पोलादात, म्हणजे व्हिक्टोरिनॉक्समध्ये सुद्धा, बर चिवट असते. तिथे जाड बाजूवर कमी वेळ घालवलेला बरा.

दुसरं: बर येतच नाही. कारण बहुधा एकच, कोन फार कमी आहे आणि तुम्ही उताराच्या वरच घासताय. मार्कर लावा, लगेच दिसेल.

तिसरं, वर्षा-दोन वर्षांनी जाणवणारं. प्रत्येक वेळी धार लावली की कड पाठीकडे सरकते, आणि तिकडे पातं जाड आहे. म्हणजे कोन तोच, धारही तीच, पण गाजर पुन्हा तडकायला लागतं. उपाय म्हणजे पातळ करणं: पाठ जवळपास दगडावर टेकवून, आठ-दहा अंशांत, जाड बाजूवर दोन्हीकडून घासायचं, आणि मगच नेहमीच्या कोनात धार लावायची. बाजूंवर ओरखडे पडतात. चाकू शोकेसमध्ये ठेवायचा नसेल तर त्यांचं काही बिघडत नाही.

रोजच्या रोज दगड काढायची गरज नाही. चिनी मातीच्या कपाच्या बुडाला झिलई नसलेली खरखरीत कडी असते. कप पालथा घालून तिच्यावर प्रत्येक बाजूला पाच-सहा हलके हात मारले की उतरलेली धार परत येते. ट्रेकला हाच दगड.

आंब्याची, द्राक्षाची कलमं करणाऱ्यांचा घडीचा चाकू या सगळ्याला अपवाद. त्याला उतार एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू सपाट, म्हणजे काडीवरचा काप सपाट येतो आणि खुंटाशी फट न राहता जुळतो. उताराची बाजूच घासायची. सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून फक्त बर काढायला दोन-तीन हात. ती बाजू अंशभर जरी उचलली तरी काप गोलसर येतो आणि कलम धरत नाही. याला २००० चा पेपर आणि चामडं दोन्ही हवं.

पावसाळा आणि ओपिनेल

बीचचं लाकूड जूनमध्ये फुगतं आणि पातं मुठीत अडकतं. नखाने ओढून नखच तुटतं. कडी उघड्या जागी फिरवा, पात्याची वाट मोकळी ठेवा आणि मुठीचा मागचा टोकदार भाग टेबलावर ठक्कन आपटा. धक्क्याने पातं थोडं बाहेर येतं, मग धरून उघडा. ही त्या चाकूच्या गावचीच रीत आहे. कायमचा उपाय मे महिन्यातच करावा. चाकू दोन दिवस उन्हात वाळवा, खिळ्याच्या फटीत आणि खोबणीत जवसाचं तेल सोडा, वीस मिनिटांनी जादा तेल पुसून घ्या आणि तीन-चार दिवस उघडा ठेवून सुकू द्या. हे दोनदा करा. तरीही घट्ट वाटलं तर १२० नंबरचा घासपेपर दुहेरी घडी करून खोबणीच्या बाजू थोड्या घासा. तेल पुसलेलं फडकं चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवा.

पात्याला आणि सांध्याला लावायला मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन सर्वांत बरं. ते खाण्याच्या वस्तूला लागलं तर चालतं, खवट होत नाही आणि चिकटत नाही. व्हिक्टोरिनॉक्स उघडायला जड गेला तर कोमट साबणपाण्यात बुडवून प्रत्येक अवजार दहा-वीस वेळा उघडा-मिटा, सुकवा आणि सांध्यावर एकेक थेंब सोडा.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्रास्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्रांच्या यादीत येतं, घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची पाती सोडून. वरचा एकही चाकू त्याच्या जवळपास नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३७ खाली सण, मोर्चे, निवडणुका यांच्या सुमारास शहराशहरांत मनाई आदेश निघतात. त्यात चाकू-सुरे बाळगण्यावर बंदी असते आणि लांबीची सवलत गृहीत धरता येत नाही. खटका दाबून उघडणारा चाकू घेऊच नका. विमानात चाकू चेक-इनच्या सामानात. केबिन बॅगेत सापडला तर तिथेच सोडून जावं लागतं, मग तो ५८ मि.मी.चा किल्लीच्या जुडग्यातला का असेना. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: तिथे सबळ कारणाशिवाय बाळगायला फक्त लॉक नसलेला, ३ इंचांपर्यंत धार असलेला घडीचा चाकू चालतो. म्हणजे स्पार्टन चालतो, आणि कडीचं लॉक असल्यामुळे ओपिनेल नंबर ८ चालत नाही.